शालीबरोबर किल्लीही हवी

आपल्या समाजातील कोणत्याही संस्थेची स्मरणिका उघडून पाहावी. प्रारंभी तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या प्रतिमा, मग शुभेच्छा संदेश, त्यानंतर कार्यकारिणीची यादी आणि पुढे वर्षभरातील कार्यक्रमांची क्षणचित्रे असा तिचा क्रम ठरलेला असतो. या क्षणचित्रांत स्त्रिया ठळकपणे दिसतात. माता रमाई जयंतीला शाल आणि पुष्पगुच्छ स्वीकारणाऱ्या भगिनी, वर्षावासात ग्रंथवाचनाला बसलेल्या शुभ्रवस्त्रधारी उपासिका, धम्मचक्र प्रवर्तन दिनी भोजनदानाचा भार पेलणारे महिला मंडळ, या सर्वांनी ती पाने भरून गेलेली असतात. तीच पाने उलटून आपण कार्यकारिणीच्या यादीकडे परत आलो, म्हणजे चित्र बदलते. अध्यक्ष, सरचिटणीस आणि कोषाध्यक्ष ही पदे बहुधा पुरुषांकडे असतात, आणि एखाद्या भगिनीचे नाव यादीच्या शेवटी सदस्य म्हणून आढळते.

हा दोष कोणा एका संस्थेचा नव्हे. तो आपल्या सर्वांच्या सवयीचा आहे, आणि त्या ‘आपल्या सर्वां’त आम्हीही आलो. म्हणूनच निवासी शाळेच्या या स्मरणिकेत, आनंदाच्या प्रसंगी, एक अवघड प्रश्न विचारण्याची अनुज्ञा आम्ही घेत आहोत. ज्या स्त्रीचा आपण सत्कार करतो, तिच्या हाती आपण नेमके काय देतो?

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तिन्ही शहरे स्त्रियांच्या श्रमांवर उभी आहेत, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या निर्वासितांच्या वस्तीला १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळाले. त्या बॅरेकींमध्ये मोडलेले संसार पुन्हा उभे करताना सिंधी स्त्रियांनी पापड लाटले, लोणची घातली, शिवणकाम केले. पुढे गावोगावची आपली माणसे कामाच्या शोधात येथे आली आणि वालधुनीच्या व उल्हास नदीच्या परिसरात स्थिरावली. आपल्या माता-भगिनींनी जीन्सचे धागे कापले, औद्योगिक वसाहतींत पॅकिंगची कामे केली, इमारतींत धुणीभांडी केली, रुग्णालयांत सेवा केली. आजही पहाटेच्या कर्जत किंवा बदलापूर लोकलच्या महिलांच्या डब्यात पाहावे. डबा मांडीवर ठेवून, भाजी निवडत, अर्धी झोप पुरी करत मुंबईकडे निघालेली ही स्त्री कमावती आहे. घर चालविणे तिला ठाऊक आहे आणि पैशाचा हिशेब तर तिला कोणी शिकविण्याची गरजच नाही.

मग तिला कमी काय आहे? कमी आहे तो अधिकार. ती कमावते, परंतु कमाईतून जे उभे राहते ते बहुधा तिच्या नावावर नसते. चाळीतील खोली पतीच्या नावावर, गावाकडची जमीन सासऱ्यांच्या नावावर, रिक्षाचा परवाना मुलाच्या नावावर. तिचे नाव शोधू गेल्यास ते एका ठिकाणी हमखास सापडते, आणि ते ठिकाण म्हणजे कर्जाचे पुस्तक. आठवड्याला हप्ता वसूल करणारे कर्ज गटातील स्त्रीच्या नावे निघते, त्या रकमेतून घरातील पुरुषाच्या धंद्यासाठी वस्तू येते, आणि हप्ता चुकला तर दारात येऊन बोल लावला जातो तो तिला. कर्जावर तिचे नाव आणि मालमत्तेवर त्याचे, ही वाटणी आपल्या वस्त्यांतून इतकी रुळली आहे की तिच्यातील अन्याय आपल्याला जाणवतही नाही.

आपण बौद्ध म्हणवून घेतो, तेव्हा या प्रश्नाकडे धम्माच्या दृष्टीने पाहणे क्रमप्राप्त आहे. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी सिगाल नावाच्या तरुण गृहस्थाला गृहजीवनाचा उपदेश केला. आपल्या विहारांतून हे सुत्त पुष्कळदा सांगितले जाते. मिळकतीचे चार भाग करावेत, एक भाग उपभोगावा, दोन भाग व्यवसायात घालावेत आणि चौथा अडचणीच्या वेळेसाठी राखून ठेवावा, हा त्यातील अर्थविचार पुष्कळांना परिचित आहे. त्याच सुत्तात पतीने पत्नीप्रती पाळावयाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. तिचा सन्मान करणे, तिचा अवमान न करणे, तिच्याशी एकनिष्ठ राहणे, तिला अलंकार देणे ही त्यांपैकी चार होत. पाचवे कर्तव्य, जे आपण घाईने ओलांडून जातो, ते म्हणजे ‘इस्सरियवोस्सग्ग’. इस्सरिय म्हणजे ऐश्वर्य, अधिकार, स्वामित्व. आणि वोस्सग्ग म्हणजे ते सोपविणे. सन्मान आणि अधिकारदान ही दोन कर्तव्ये भगवंतांनी वेगवेगळी सांगितली, ही गोष्ट आम्हांला फार महत्त्वाची वाटते. केवळ सन्मानाने भागले असते, तर पुढचा शब्द उच्चारण्याचे कारण नव्हते.

अधिकार हाती असलेली स्त्री काय करू शकते, हे महाउपासिका विशाखेच्या चरित्रावरून दिसते. श्रावस्तीच्या या उपासिकेजवळ एक अत्यंत मौल्यवान अलंकार होता. तो विकून त्या द्रव्याचा विनियोग संघासाठी करावा असे तिने ठरविले. इतकी किंमत देऊ शकणारा ग्राहक मिळेना, तेव्हा तिने स्वतःच ती किंमत मोजून अलंकार ठेवून घेतला आणि त्या धनातून पूर्वाराम विहार उभारला, अशी कथा धम्मपदाच्या अट्ठकथेत आली आहे. या कथेतील औदार्याचे आपण कौतुक करतो. परंतु त्या औदार्याच्या तळाशी एक साधी गोष्ट आहे. अलंकार विशाखेचा होता, धन विशाखेचे होते आणि निर्णयही विशाखेचा होता.

या कथेशेजारी आम्हांला दुसरी एक आठवण ठेवावीशी वाटते. धारवाड येथे वराळे यांच्या वसतिगृहात माता रमाई काही दिवस राहिल्या होत्या. तेथील मुलांच्या जेवणाची आबाळ झालेली पाहून त्यांनी आपल्या हातातील सोन्याच्या बांगड्या काढून दिल्या, असा प्रसंग आपल्या समाजात पिढ्यान् पिढ्या सांगितला जातो. वसतिगृहात वाढलेल्या प्रत्येकाचे डोळे तो ऐकताना पाणावतात, आणि ते स्वाभाविक आहे. तथापि या प्रसंगाचा आणखी एक अर्थ आहे. देण्यासाठी रमाईंजवळ काय होते? बांगड्याच होत्या. त्या माउलीच्या त्यागाला वंदन करताना आपण स्वतःला विचारले पाहिजे, की आपल्या लेकींनीही अडचणीच्या वेळी अंगावरचा दागिनाच उतरवावा, एवढीच आपली अपेक्षा आहे काय?

बाबासाहेबांची अपेक्षा तेवढी नव्हती. १९२८ साली मुंबई विधिमंडळात गिरणी कामगार स्त्रियांच्या प्रसूतीकाळातील लाभाचे विधेयक आले, तेव्हा त्यांनी त्याचा जोरदार पुरस्कार केला आणि पुढील वर्षी तो कायदा झाला. २० जुलै १९४२ रोजी नागपूर येथे सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली आणि हजारो स्त्रिया तिला उपस्थित राहिल्या. त्या परिषदेने केलेले ठराव आजही वाचण्याजोगे आहेत. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी, कामगार स्त्रियांना रजा, गिरण्यांत स्त्रियांवर देखरेख करण्यासाठी स्त्रियांचीच नेमणूक, विधिमंडळात प्रतिनिधित्व आणि मुलींसाठी वसतिगृहे, अशा त्या मागण्या होत्या. सत्काराची मागणी त्यांत कोठेही नव्हती. आपली निवासी शाळा ही त्या वसतिगृहाच्या ठरावाची दूरची वारसदार आहे, असे आम्ही मानतो. आणि १९५१ साली हिंदू कोड बिल बाजूला पडताना पाहून बाबासाहेबांनी केंद्रीय मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्या विधेयकाच्या गाभ्याशी जे प्रश्न होते, त्यांत स्त्रीच्या मालमत्तेचा हक्क हा एक प्रमुख प्रश्न होता.

त्या विधेयकातील पुष्कळ भाग पुढे स्वतंत्र कायद्यांच्या रूपाने आला. १९५६ चा वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. त्यानुसार वडिलांनी स्वतः घेतलेली खोली मृत्युपत्र न करता मागे राहिली, तर तिच्यात त्यांची पत्नी, मुलगा, मुलगी आणि आई हयात असल्यास आई, या सर्वांचा समान वाटा असतो. वडिलोपार्जित मालमत्तेबाबत महाराष्ट्राने १९९४ साली, तोवर विवाह न झालेल्या मुलींना जन्मतः हक्क दिला. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभरातील मुलींना, विवाहित असोत वा अविवाहित, तो हक्क मिळाला. त्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये दिला. म्हणजे ज्या हक्कासाठी बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले, तो आज कायद्याच्या पुस्तकात आहे.

पुस्तकातला हा हक्क घरात का पोहोचत नाही? त्याच्या वाटेत एक कागद आडवा येतो. त्याचे नाव हक्कसोडपत्र. वडील जातात, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो, पाहुणे पांगतात आणि मग बहिणींपुढे तो कागद ठेवला जातो. बहुतेक बहिणी न वाचता सही करतात. न वाचण्याचे कारण त्यांना वाचता येत नाही हे नव्हे, तर कागद वाचायला घेतला तरी माहेर दुरावेल ही भीती होय. आम्ही हे दुरून लिहीत नाही. आमच्यापैकी कित्येकांच्या घरी हा कागद झाला आहे, आणि सही करणाऱ्यांत आम्ही आहोत तसे सही घेणाऱ्यांतही आहोत. १४ एप्रिलला मिरवणुकीत बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घालणारा हात आणि बहिणीपुढे तो कागद सरकवणारा हात एकच असतो, ही खंत मनात धरूनच आम्ही हे लिहीत आहोत.

अधिकार हाती आला म्हणजे काय घडू शकते, याचे उदाहरण शोधण्यासाठी आपल्याला फार दूर जावे लागत नाही. अकोला जिल्ह्यातील रोपरखेडा या गावी जन्मलेल्या कल्पनाताई सरोज यांचा विवाह बाराव्या वर्षी झाला. सासरचा छळ सोसून त्या माहेरी परतल्या, आणि पुढे मुंबईत येऊन एका होजिअरीच्या कारखान्यात दिवसाला दोन रुपये मजुरीवर कामाला लागल्या. मागासवर्गीयांसाठी असलेल्या शासकीय योजनेतून त्यांनी ५० हजार रुपयांचे कर्ज मिळविले आणि कल्याण-उल्हासनगर परिसरात फर्निचरचा व्यवसाय सुरू केला. कमानी ट्यूब्ज हा शंभर कोटींहून अधिक कर्जात बुडालेला कारखाना हाती घेऊन २००६ साली त्या त्याच्या अध्यक्ष झाल्या आणि तो त्यांनी सावरला. २०१३ साली भारत सरकारने त्यांना व्यापार आणि उद्योग क्षेत्रासाठी पद्मश्री देऊन गौरविले.

ही कथा सांगताना आपण जिद्दीवर भर देतो. जिद्द होतीच. परंतु जिद्द आपल्या वस्तीतील शेकडो स्त्रियांजवळ आहे. कल्पनाताईंच्या जीवनाला वळण मिळाले ते त्या ५० हजारांनी. तेथेही कर्जावर नाव त्यांचे होते, परंतु त्या कर्जातून आलेला माल, दुकान आणि नफाही त्यांचाच होता. ज्याच्या नावे ऋण, त्याच्याच नावे धन, हा साधा न्याय पाळला गेला, म्हणून पुढचे सारे घडू शकले.

हा न्याय मागणाऱ्या आपल्या भगिनी जगात एकट्या नाहीत. वंश, दारिद्र्य आणि परकी सत्ता यांचा भार सोसलेल्या आफ्रिका खंडातील स्त्रियांचे अनुभव आपल्याला फार जवळचे वाटतात. पश्चिम आफ्रिकेतील नायजर या देशात १९९१ साली खेड्यांतील स्त्रियांचे बचत गट सुरू झाले आणि ती पद्धत पुढे अनेक देशांत पसरली. त्या गटांची बचत लोखंडी पेटीत ठेवण्याची रीत पुढे रूढ झाली. पेटीला तीन कुलुपे असतात आणि तीन किल्ल्या तीन वेगवेगळ्या सभासदांकडे राहतात. सर्व सभासद जमल्याखेरीज पेटी उघडत नाही, त्यामुळे घरातील कोणी दटावून तिच्यातील पैसा काढून घेऊ शकत नाही. आपल्या भिशीची आणि बचत गटाची ती सख्खी बहीणच म्हणावी लागेल. केनियात वंगारी माथाई यांनी १९७७ साली वृक्षलागवडीची चळवळ उभारली. त्यांनी खेड्यातील स्त्रियांना केवळ आवाहन केले नाही, तर जगलेल्या प्रत्येक रोपासाठी अल्पसे का होईना, मोल दिले. २००४ साली त्यांना नोबेल शांतता पारितोषिक मिळाले. भीषण नरसंहारातून गेलेल्या रवांडाने १९९९ च्या कायद्याने मुलींना वारसाहक्क दिला, आणि २००८ साली तेथील लोकसभागृहात स्त्रियांची संख्या पुरुषांहून अधिक झाली. जमिनीवरील नाव आणि सभागृहातील आसन यांचा काही संबंध असतो, तो असा.

आपल्याकडे आसने मिळाली आहेत. स्थानिक स्वराज्य संस्थांत महाराष्ट्राने २०११ पासून स्त्रियांसाठी निम्म्या जागा राखल्या. उल्हासनगरची महानगरपालिका असो, अंबरनाथ वा बदलापूरची नगरपालिका असो, निवडणुकीच्या फलकावर भगिनींची छायाचित्रे झळकतात. अनेक भगिनींनी उत्तम काम करून दाखविले आहे. तरीही भगिनी निवडून आल्यावर भ्रमणध्वनी पतीने उचलावा आणि निर्णय दिराने घ्यावा, हा अनुभव महाराष्ट्रभर सांगितला जातो. ज्या घरात तिच्या नावावर काही नाही, त्या घरातून ती स्वतंत्र मत घेऊन सभागृहात कशी पोहोचणार?

येथे दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की आपला समाज गरीब; मालमत्ता आहेच कोठे? आमचे उत्तर असे, की दहा बाय बाराची खोली हीसुद्धा मालमत्ता आहे. भविष्य निर्वाह निधी, विम्याची रक्कम, बँकेचे पासबुक, हातगाडीची जागा ही मालमत्ताच आहे. श्रीमंताच्या चार घरांपैकी एक पत्नीच्या नावे नसले तर फारसे बिघडत नाही, पण गरिबाच्या एकुलत्या एक खोलीवर तिचे नाव नसले तर ती एका रात्रीत रस्त्यावर येते. दुसरा आक्षेप असा, की हिश्शाची भाषा सुरू झाली की बहीण-भावाचे प्रेम आटते. ज्या प्रेमाची अट म्हणून एकानेच सदैव सोडत राहावे, ते प्रेम कोणते? बाबासाहेबांनी मैत्री आणि बंधुता यांना समतेपासून कधी वेगळे केले नाही. बहिणीने स्वखुशीने, विचार करून वाटा सोडला तर ते दान होय. भीतीपोटी सोडला तर ते दान नव्हे.

सत्कार करूच नये, असे आमचे म्हणणे नाही. सत्कार कसा असावा, याचा एक धडा महाराष्ट्राजवळ आहे. १९९० च्या सुमारास शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालविली. ज्या गावातील शंभर कुटुंबे घरच्या लक्ष्मीच्या नावे जमिनीचा काही भाग करून देतील, त्या गावाचा गौरव करावयाचा, असा तिचा संकल्प होता. अनेक शेतकऱ्यांनी सातबारावर पत्नीचे नाव लावले. त्या गौरवात आधी देणे होते आणि मग टाळ्या होत्या. आपण मात्र टाळ्यांवरच थांबतो.

या स्मरणिकेच्या निमित्ताने शाळेच्या विश्वस्तांपुढे, माजी विद्यार्थ्यांपुढे आणि पालकांपुढे आम्ही चार गोष्टी नम्रपणे ठेवू इच्छितो. पहिली, शाळेच्या बँक खात्यावर सही करणाऱ्यांत निदान एक स्त्री असावी, आणि ती माजी विद्यार्थिनी असल्यास अधिक उत्तम. दुसरी, पालकसभेत वर्षातून एकदा वारसाहक्क, हक्कसोडपत्र आणि घराची नोंदणी या विषयांवर जाणकार वकील भगिनीचे मार्गदर्शन ठेवावे. स्त्रीच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत २०२१ पासून राज्यात आहे, हेही पुष्कळ पालकांना ठाऊक नसते. तिसरी, माजी विद्यार्थ्यांनी वार्षिक स्नेहमेळाव्याच्या खर्चातून काही रक्कम वाचवून माजी विद्यार्थिनींच्या लहान व्यवसायांसाठी बिनव्याजी निधी उभारावा, आणि त्याची किल्ली विद्यार्थिनींच्याच हाती द्यावी. चौथी गोष्ट वसतिगृहातील मुलांसाठी आहे. खाऊच्या पैशांचा हिशेब मुलींनी ठेवावा आणि ताटे मुलांनी घासावीत, अशा पाळ्या आलटून-पालटून लावाव्यात. उद्याचा भाऊ आणि उद्याचा पती याच वसतिगृहात घडत आहे, आणि अधिकार सोपविण्याचे शिक्षण त्याला लहानपणीच मिळाले पाहिजे.

महिन्याच्या भेटीच्या रविवारी शाळेच्या फाटकाशी ज्या माता येऊन थांबतात, त्यांच्या हातातील पिशवीत मुलांसाठी खाऊ असतो आणि पदराच्या गाठीत परतीच्या भाड्याचे पैसे. पुढील समारंभात यांपैकी एका मातेला आपण व्यासपीठावर बोलावू, शाल देऊ, टाळ्या वाजवू. आमची विनंती इतकीच, की त्या दिवशी तिच्या घरातील पुरुषाने घरी गेल्यावर कपाटातील कागद बाहेर काढावेत आणि त्यांवर तिचे नाव कोठे आहे, ते एकदा पाहावे. नसेल तर ते घालण्यासाठी पुढच्या जयंतीची वाट पाहू नये.

नमो बुद्धाय. जयभीम.